नंबर हळू सांगा!

आमच्या एटापल्लीच्या शाखेत रजिस्टर म्हटलं की दोन्ही हातांनी उचलायचं जाडजूड बाड डोळ्यांपुढं येतं. प्रोसेसरच्या पोटातही रजिस्टरं असतात आणि ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, हे कळलं तेव्हा मला तिथल्या कारकुनाचा हेवाच वाटला.

१९९९ साली इंटेलने पेन्टियम थ्री काढला आणि प्रत्येक नगाला ९६ बिटांचा अनुक्रमांक दिला. हेतू थोर, इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित व्हावेत! पण तो क्रमांक सीपीयूआयडी नावाच्या आज्ञेने कुठल्याही उपटसुंभ प्रोग्रॅमला वाचता येई. बंद करायचा तर एका खास रजिस्टरातलं एक बिट बदलायचं, आणि त्या रजिस्टराला हात लावायचा अधिकार फक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा. म्हणजे खातं वाटेल त्यानं बघावं, कुलूप मात्र मॅनेजरनंच लावावं!

मग मॅनेजरनं ते शाखा उघडताक्षणी लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लिनक्सनं तेच केलं. सुरू होतानाच ते बिट बदललं, की यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत क्रमांक बाहेर येत नाही. ज्याला हवाच असेल त्यानं सुरुवातीलाच तसं लिहून मागावं. हे करणाऱ्या फंक्शनचं नाव मराठीत सांगायचं तर ‘त्या मूर्ख क्रमांकाला चिरडा’! आमच्या परिपत्रकांत इतकी स्वच्छ भाषा मी वीस वर्षांत वाचलेली नाही.

“चोरी केली नाही, तर नंबर लपवायचा कशाला?” असं आमचे हेड कॅशियर विचारतात. (पगाराचा आकडा ते घरीही सांगत नाहीत.) अहो, खातं बंद करून नवा नंबर घेता येतो, चिपमधला कसा बदलणार? दहा दुकानदारांनी आपापल्या वह्या त्या एका क्रमांकावर जुळवल्या की तुमचं अख्खं चरित्र तयार. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आज त्याचेही पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते. सरकारला जे कळलं ते कॅशियरला कळू नये?

पेन्टियम फोरमध्ये इंटेलनं तो क्रमांक ठेवलाच नाही. पण डिस्कला क्रमांक आहे, नेटवर्क कार्डाला आहे, आणि मालकाला न विचारता ते सांगत सुटणाऱ्या सिस्टिमीही आहेत. त्यांना मी शिव्या देतो खरा, पण एका बाजाराच्या दिवशी मीच एका म्हाताऱ्या मामांचा खाते क्रमांक आणि शिल्लक खणखणीत आवाजात वाचली होती. मामा काउंटरवर वाकले आणि म्हणाले, “हळू सांगा जी साहेब. मागं जावई उभा आहे.”