मालमोटार चालकांच्या तासांचा हिशेब

१ एप्रिल २०१८ पासून देशात आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिलाची पद्धत सुरू झाली. माल कोणाचा, किती किमतीचा, कोणत्या गाडीतून कोठे निघाला, याची नोंद या बिलात असते. सामान्य मालासाठी त्याची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरांना एक दिवस अशी मोजली जाते. पूर्वी ती १०० किलोमीटरांना एक दिवस होती. मुदत उलटली की गाडी अडवली जाते आणि दंडाचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे रस्त्यावरील मालाच्या वेळेचा काटेकोर हिशेब शासनाने ठेवला आहे. तोच माल रात्रंदिवस वाहून नेणाऱ्या चालकाच्या वेळेचा हिशेब मात्र ना शासनाच्या दप्तरी आहे, ना मालवाहतूक कंपनीच्या वहीत.

चालकाचे काम गाडी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी रांगेत लावायची, बिल्टी हाती पडण्याची वाट पाहायची, हमालांची पाळी येईपर्यंत गाडी पुढे सरकवत राहायचे. मुक्कामी पोहोचल्यावर गोदामात जागा नसेल तर गाडी खाली होईपर्यंत पुन्हा तेच. न्हावा शेवा बंदराबाहेरच्या कंटेनर गाड्यांच्या रांगा महाराष्ट्राच्या परिचयाच्या आहेत. पश्चिम बंगालमधील पेट्रापोलच्या सीमेवर तर बांगलादेशात जाणाऱ्या गाड्या आठवडेच्या आठवडे खोळंबल्या आहेत. या काळात चालक गाडी सोडून जाऊ शकत नाही. माल त्याच्या ताब्यात, चोरी झाली तर जबाबदारी त्याची. जेवण गाडीच्या सावलीत, झोप केबिनमध्ये आणि शौचालय असेल तर नशीब.

या प्रतीक्षेचे मोल बहुतेक चालकांना मिळत नाही, कारण मोबदला फेरीवर ठरतो. फेरीची ठरलेली रक्कम आणि वाटेची खर्ची हाती ठेवली की मालकाच्या दृष्टीने हिशेब संपतो. फेरी चार दिवसांत होवो की आठ दिवसांत, रक्कम तीच. खर्चीतून जेवण, किरकोळ दुरुस्ती आणि वाटेतील चिरीमिरी भागवायची. माल कमी भरला तर तूट चालकाच्या माथी. ठरवून दिलेल्यापेक्षा डिझेल जास्त जळले तर तेही त्याच्याच पगारातून. साहजिकच फाटकावर फुकट गेलेले दोन दिवस चालक रस्त्यावर भरून काढू पाहतो आणि त्याची किंमत झोपेने चुकवतो. सेव्ह लाइफ फाउंडेशन या संस्थेने दहा वाहतूक केंद्रांतील चालकांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. तीत चालक दिवसाला सरासरी सुमारे बारा तास गाडी चालवतात असे आढळले; थकवा किंवा झोप आली असतानाही गाडी चालवत असल्याचे जवळपास निम्म्यांनी सांगितले. महामार्गावरील अपघाताच्या बातमीत 'चालकाला डुलकी लागली' एवढे एक वाक्य छापून येते. ती डुलकी कोणत्या कंपनीच्या फाटकावर सुरू झाली, हे त्या बातमीत कधी येत नाही.

कायदा नव्हता असे नाही. संघर्षातून मिळालेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी परवानगीने ती दहा व ५४ तासांपर्यंत नेता येई, त्यापुढे नाही. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची होती. कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो सर्व काळ म्हणजे कामाचे तास, अशी त्या कायद्याच्या व्याख्येची सुरुवात होती. मात्र स्थानकावर नुसते हजर राहण्याचा उल्लेख करताना तिने पंधरा मिनिटांहून कमी काळाचेच नाव घेतले. पंधरा तासांच्या प्रतीक्षेचे काय, हा प्रश्न वादासाठी मोकळा राहिला आणि मालकवर्गाने त्याचा पुरेपूर लाभ उठवला.

त्याहून मोठी पळवाट मालवाहतूक व्यवसायाच्या रचनेतच आहे. माल एका बड्या उद्योगाचा, कंत्राट एका मालवाहतूक कंपनीचे, गाडी मिळवून देणारा दलाल तिसरा, गाडीचा मालक चौथा आणि चालक सर्वांत शेवटी. दर पायरीवर भाड्यातून हिस्सा कापला जातो. एक-दोन गाड्यांचा मालक स्वतः कर्जाच्या हप्त्यांनी व डिझेलच्या दराने गांजलेला असतो. तो आपले ओझे चालकावर ढकलतो. चालकाने हक्क मागितला की कंपनी म्हणते, हा आमचा नोकर नव्हे, गाडीवाल्याला विचारा. गाडीवाला म्हणतो, माझ्याकडे कायदा लागू होण्याइतकी माणसेच नाहीत.

१९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहितांचा अंमल जाहीर केला. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने तो कायदा पोटात घेतला आणि मर्यादा पाचावरून दहा कामगारांवर नेली. ज्या व्यवसायात छोट्या गाडीमालकांचीच बहुसंख्या आहे, तेथे या एका आकड्याचा अर्थ उघड आहे. कायद्याच्या छायेत असलेल्यांनाही सरकारने बाहेरचा रस्ता दाखवला आणि त्याला 'सुलभीकरण' असे नाव दिले.

जुलै २०१८ मध्ये मालमोटार मालकांच्या संघटनेने देशभर आठ दिवस चक्का जाम केला. डिझेलचे दर, पथकर आणि विम्याचे हप्ते हे त्यातील मुख्य प्रश्न होते. ते खोटे नव्हते. पण चालकाच्या तासांना व वेतनाला त्यांत स्थान नव्हते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत मात्र चालक स्वतः रस्त्यावर उतरले. अपघातानंतर पोलिसांना न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये होती. अनेक राज्यांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला चर्चेची भाषा बोलावी लागली. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे कलम स्थगित ठेवण्यात आले.

रस्त्यावर मरणारा पादचारीही बहुधा श्रमिकच असतो. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. जखमीला टाकून जाण्याचे समर्थन कोणतीही कामगार संघटना करणार नाही. परंतु जमावाच्या हाती सापडण्याचे भय खरे आहे, आणि त्याहून खरे हे की चालकाला झोपेविना गाडी हाकायला लावणारा मालक त्या कलमात कोठेच नव्हता. शिक्षेचे वर्ष वाढवून रस्ता सुरक्षित होत नाही. कामाचे तास कमी केल्याने होतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु थंड केबिनमध्येही सोळा तास हे सोळा तासच राहतात. आज गाडीतील जीपीएस यंत्र चालकाचा प्रत्येक थांबा टिपते आणि दहा मिनिटे गाडी थांबली की कंपनीच्या कार्यालयातून विचारणा येते. तीच नोंद चालकाचा हजेरीपट ठरली पाहिजे. तिची प्रत त्याला मिळाली पाहिजे. भरण्या-उतरवण्याची प्रतीक्षा कामाचे तास म्हणून मोजली गेली पाहिजे. त्या तासांचा मोबदला माल पाठवणाऱ्या उद्योगाकडून व कंत्राटदार कंपनीकडून वसूल झाला पाहिजे. कामगारसंख्येची अट रद्द करून प्रत्येक चालकाला नियुक्तिपत्र, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी व आरोग्य विमा मिळाला पाहिजे. महामार्गांवर सुरक्षित विश्रांतिस्थाने हा त्याचा हक्क आहे.

पंजाबचा, बिहारचा, राजस्थानचा, तामिळनाडूचा चालक एकाच ढाब्यावर जेवतो आणि एकाच रांगेत उभा राहतो. त्याला कारखान्याचा एक दरवाजा नाही, म्हणून त्याची संघटना अवघड आहे, अशक्य नाही. वाहतूकनगरे, बंदरे, सिमेंट व पोलाद कारखान्यांची फाटके हीच त्याची कामाची जागा. त्या फाटकांच्या आत संघटित कामगार आहे. आतल्या कामगाराने बाहेरच्या रांगेचा प्रश्न आपला मानला, तर चालकाच्या तासांचा हिशेब मालकांना द्यावाच लागेल.