मयेचे तळे आणि मालकीचा प्रश्न

गोव्यातील खाणींविषयी बोलताना दोनच पक्ष संभवतात असे आपल्याकडे गृहीत धरले गेले आहे. खाणी चालू ठेवा म्हणणारा एक आणि बंद करा म्हणणारा दुसरा. पहिल्याला रोजगार दिसतो, दुसऱ्याला निसर्ग. दोघेही प्रामाणिक असू शकतील. परंतु डिचोली तालुक्यातील मये या गावी अलीकडेच दोन दिवस राहून आल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या प्रश्नाभोवती हा वाद घातला जातो तो प्रश्नच दुय्यम आहे. मुख्य प्रश्न मालकीचा आहे. आणि तो विचारणे ज्यांचे कर्तव्य होते त्या आपण समाजवाद्यांनीच तो वाऱ्यावर सोडला आहे.

उदगीरसारख्या कोरड्या मुलखातून गेलेल्या माणसाला मयेचे तळे पाहून हरखून जायला होते. सभोवार हिरव्या टेकड्या, खाली स्थिर पाणी, काठाला पोफळी आणि माड. पर्यटन महामंडळाने तेथे राहण्याची व नौकाविहाराची सोय केली आहे. १६ मार्च २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने गोव्यातील खाणकाम थांबले आणि त्याच वर्षी या तळ्याकाठी, उंच मनोऱ्यावरून पायाला दोर बांधून उडी मारण्याचा खेळ पर्यटकांसाठी सुरू झाला. गावाच्या अर्थव्यवस्थेचे याहून नेमके चित्र व्यंगचित्रकारालाही सुचले नसते. फरक इतकाच की पर्यटकाच्या पायाला दोर असतो. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या डिचोलीच्या तरुणाला तो नव्हता.

तळ्याकाठी एक वृद्ध कूळ भेटले. कुळागराकडे बोट दाखवून मी सहज विचारले, "ही जमीन आपलीच ना?" ते हसले. म्हणाले, "मास्तर, आजा कसत होता, बाप कसत होता, मी कसतो. आपली म्हणायचे धाडस मात्र अजून होत नाही."

या उत्तरामागे मोठा इतिहास आहे. मये गावातील बहुतांश जमीन पोर्तुगीज राजवटीत 'कोंद' म्हणजे काउंट ही पदवी धारण करणाऱ्या एका घराण्याच्या नावे होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, जमीनदार निघून गेला. मग जमीन कसणाऱ्याकडे आली काय? नाही. १९६४ च्या कायद्याने ती 'निष्क्रांत मालमत्ता' ठरली आणि गावकरी ज्याला कस्टोडियन म्हणतात त्या सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. गोव्यात १९६४ साली कूळकायदा झाला, १९७५ साली मुंडकारांना संरक्षण मिळाले, १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व मान्य झाले. मयेच्या कुळांची तक्रार अशी की, निष्क्रांत मालमत्तेच्या शिक्क्यामुळे हे सारे त्यांच्या दारावरून निघून गेले. राज्य विधानसभेने जमीनदारीचे हे हक्क रद्द करणारा कायदा केला तो २०१४ साली! त्यानेही जमीन प्रथम सरकारजमा झाली. कसणाऱ्याने अर्ज करावा, कागद दाखवावेत आणि सनदेची वाट पाहावी.

मी ज्या भागात वाढलो तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. आमच्याकडे सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. १९५० मध्ये कूळकायदा आला. जहागीरदारांना मोबदला मिळाला, कूळकायद्यातून पळवाटा निघाल्या, हे सर्व मला मान्य आहे. तरीही आमच्या जहागीरदाराची जहागीर जाण्यास अकरा महिने लागले आणि मयेच्या काउंटची मालकी संपण्यास बावन्न वर्षांहून अधिक! निजाम हटला तेव्हा त्याची सरंजामशाहीही हटली पाहिजे ही मागणी लोकांनी लावून धरली होती. गोव्यात ध्वज बदलला आणि आपण मोहीम फत्ते झाल्याचे समजून परतलो.

आता जमिनीच्या पोटातील धनाकडे पाहू. पोर्तुगीज सरकारने खाणींचे परवाने दिले ते कायमस्वरूपी सवलती म्हणून. मुक्तीनंतरही त्या चालू राहिल्या. १९८७ साली संसदेने त्या रद्द केल्या खऱ्या, पण त्याच कायद्याने त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. म्हणजे वसाहतवादी सत्तेने दिलेली देणगी प्रजासत्ताकाने नूतनीकरण करून त्याच हातांत ठेवली. त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. त्यानंतर २०१२ पर्यंत झालेले सारे खाणकाम बेकायदा होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी सांगितले. आणि ही वर्षे कोणती? चीनच्या मागणीने लोहखनिजाचे भाव गगनाला भिडले होते, एरवी टाकाऊ म्हणून ढिगावर फेकलेली कमी प्रतीची मातीही जहाजात चढत होती, गोव्याची वार्षिक निर्यात ५ कोटी टनांवर गेली होती, ती वर्षे. न्यायालयाच्या या निकालानंतरही राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. लिलाव अनिवार्य करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला, त्या दिवसापर्यंत ही लगबग चालली होती. हीच नूतनीकरणे न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केली.

वाचकांनी या दोन घड्याळांची तुलना करावी. नांगर धरणाऱ्याच्या हक्काला अर्धशतक लागते. पट्टेदाराच्या हक्काला काही आठवडे पुरतात. शासनयंत्रणा तीच, कचेऱ्या त्याच. मग 'सरकारी दिरंगाई' हे स्पष्टीकरण कसे पटावे? ही दिरंगाई नव्हे, ही निवड आहे.

खाणसमर्थक म्हणतात, खाणीने गावात पैसा आणला. आणला, यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही उत्पन्न आणि भांडवल यांतील भेद ठाऊक असतो. शेतीचे पीक हे उत्पन्न आहे, ते पुढील वर्षी पुन्हा येते. खनिज विकणे म्हणजे घरातील वडिलोपार्जित सोने विकणे. ते विकून आलेल्या रकमेस उत्पन्न म्हणणे आणि त्यावर दिवाळी साजरी करणे ही उधळपट्टी आहे. आणि येथे तर दिवाळी दुसऱ्याच्या घरी साजरी झाली. पट्टेदाराला नफा मिळाला, सरकारला स्वामित्वधन मिळाले, गावाला ट्रकची खेप मिळाली. २०१२ साली खाणी प्रथम थांबल्या तेव्हा खेप गेली आणि कर्ज उरले. शासनाला कर्जमुक्तीची योजना काढावी लागली.

गावाची जी हानी झाली ती कोणत्याच ताळेबंदात आली नाही. या भागातील जांभ्याचे सडे आणि त्याखालील लोहखनिजाचे थर पावसाळ्याचे पाणी साठवून ठेवतात आणि ते झऱ्यांवाटे शेता-कुळागरांना पोचते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. शेजारच्या शिरगावात विहिरी आटल्या आणि ढिगाऱ्यांवरून वाहून आलेला गाळ भातशेतीत बसला, तो याच प्रक्रियेने. तळे डोळ्यांना दिसते म्हणून त्याची काळजी वाहिली जाते. जमिनीखालचे तळे दिसत नाही, म्हणून ते उपसून टाकले तरी कोणी विचारीत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये खाणींचे लिलाव झाले. त्यांत डिचोलीचा गट होता, तसाच शिरगाव-मये हा गटही होता. फुकट नूतनीकरणापेक्षा लिलाव बरा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. सार्वजनिक धनाला निदान किंमत तरी आली. पण सार्वजनिक म्हणजे कोणाचे? लिलावाच्या सीमेत आमची घरे, देवळे आणि शेते आली, अशी तक्रार या पट्ट्यातील गावकरी करीत आहेत. ज्यांना सनद अद्याप मिळायची आहे त्यांच्या पायाखालचा थर त्यांना न विचारता विकला गेला, असा याचा अर्थ आहे. कोणी म्हणेल की कायद्याने खनिज राज्याचे आहे. असू द्या. राज्य मालक नव्हे, विश्वस्त आहे. विश्वस्ताने हिशेब द्यायचा असतो.

नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाच्या पैशाचा निधी उभारला आणि पुढील पिढ्यांचा वाटा राखला. आपल्याकडेही २०१४ च्या निकालाने खनिजविक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी करण्यास सांगितले आणि २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. म्हणजे तत्त्व मान्य झाले आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो काय, हा खरा मुद्दा आहे आणि तेथेच आपल्या कार्यकर्त्याची गरज आहे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, मधु लिमये आणि त्यांच्या मागून शेकडो सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास भोगला. त्या वारशाचा उल्लेख आपण प्रत्येक सभेत करतो. तो करण्याचा अधिकार टिकवायचा असेल तर मयेच्या सनदा, शिरगावच्या विहिरी आणि खनिज निधीचा जमाखर्च हे आपल्या कार्यक्रमाचे विषय झाले पाहिजेत. कुळांना मुदत ठरवून सनदा द्या, वस्ती, देवळे व शेती खाणपट्ट्यातून वगळा, ग्रामसभेच्या संमतीवाचून यंत्र हलवू नका, या तीन मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. त्या १९६२ सालीच पुऱ्या व्हायला हव्या होत्या.

निरोप घेताना त्या वृद्धाने मला एक नारळ दिला. मी पैसे देऊ केले तेव्हा म्हणाले, "माडाची मालकी ठरेपर्यंत नारळ विकायचा कसा? नेऊन खा." उदगीरला येईपर्यंत तो नारळ माझ्या पिशवीत होता. फोडण्याचे मन अद्याप झालेले नाही.