नाउन पाठ आहे, इंग्रजी कुठे आहे?

सावली तालुक्यातल्या आमच्या विहारात रविवारी पोट्टे अभ्यासाला बसतात. मागे सातवीतल्या एका मुलीला विचारलं, नाउन म्हणजे काय? तिनं एका दमात म्हटलं, 'अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग.' एक अक्षर चुकलं नाही. म्हटलं, आता या खोलीतली चार नाउन सांग. पोरगी गप्प. वर पंखा, खाली चटई, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बाजूला तिची मैत्रीण!

दोष पोरीचा नाही. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. एवढ्या वर्षांत आमच्या पोरांपर्यंत व्याख्या पोचली, भाषा पोचली नाही. घोका, अर्थ विचारू नका, ही पद्धत कुणाची, हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको.

आमचा मुलूख धानाचा. रोवणीला जाणाऱ्या मायच्या पोराला धान, तांदूळ आणि भात यांतला फरक शिकवावा लागत नाही. त्याला एवढंच सांगा की बांधीतलं धान म्हणजे 'पॅडी', पण तांदूळ आणि भात दोन्ही 'राइस'. पोरगा कान टवकारतो. मग सांगा, आपण 'चार तांदूळ' म्हणतो, इंग्रजीत 'फोर राइसेस' होत नाही. दाणे मोजायचे तर 'फोर ग्रेन्स ऑफ राइस'. झालं अनकाउंटेबल नाउन! आपले केस पांढरे 'होतात', त्यांचं 'हेअर इज'. आपल्या बातम्या अनेक, त्यांचं 'न्यूज इज'. पुस्तक 'ते', वही 'ती', इंग्रजीत दोन्ही 'इट'. यात घोकण्यासारखं काय आहे? २०२३ च्या तलाठी भरतीत शंभरपैकी पंचवीस प्रश्न इंग्रजीचे होते. आमची पोरं तिथेच मागे पडतात, आणि मग म्हणतात आरक्षण असूनही यांना जमत नाही.

काही जण सांगतात, इंग्रजी सोडा, मातृभाषेचा अभिमान धरा. त्यांची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत तेवढं विचारा. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं होतं. आपलेही काही कार्यकर्ते म्हणतात, व्याकरण कशाला, बोलता आलं की पुरे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, पर्शियन घ्यावी लागली. तेच पुढे पाली व्याकरण घेऊन बसले. कशाला बसले असतील?

आणि नाम ही आपल्यासाठी क्षुल्लक गोष्ट कधीच नव्हती. 'महारवाडा' हेही प्रॉपर नाउनच, फक्त ते आपण ठेवलेलं नव्हतं. वस्त्यांची अशी जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय सरकारनं घेतला डिसेंबर २०२० मध्ये. इंग्रजीत प्रॉपर नाउनचं पहिलं अक्षर कॅपिटल, मग नाव पाटलाचं असो की त्याच्या सालगड्याचं. त्या मुलीला म्हटलं, तुझ्या आजीचं नाव लिही. गावानं तिला कधी पूर्ण नावानं हाक मारली नाही. पोरीनं पहिलं अक्षर दोनदा गिरवलं.

पुढच्या रविवारी व्हर्ब घेतो आहोत. ज्या गुरुजींना ही पद्धत पटत नाही त्यांनी जरूर यावं. चटईवर जागा आहे.

जय भीम.