सख्यभक्ती आणि महाविद्यालयाचे पहिले वर्ष

आषाढ जवळ आला की आमच्या पंढरीस दिंड्यांचे वेध लागतात. आणि याच सुमारास घरोघरची मुले महाविद्यालयाची वाट धरतात. कोणी सोलापुरास जातो, कोणी पुण्यास, कोणी थेट मुंबईस. कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घ्यावयास पुढे येणाऱ्या माता-पित्यांच्या मुखी या दिवसांत एकच प्रश्न असतो : ‘बुवा, सांजवेळी देवापुढे हात जोडणारे लेकरू आता वसतिगृहात राहणार. नव्या मित्रमंडळींत त्याचा देवधर्म टिकेल का हो?’

प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. तथापि मैत्री ही श्रद्धेची वैरीण, असे जे त्यामागे गृहीत धरलेले असते, ते आम्हांस मान्य नाही. श्रद्धेचे बीज घरी पडते हे खरे. परंतु ती ज्याची त्याची स्वतःची होते, ती बहुधा सवंगड्यांच्या संगतीतच.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील सुदाम्याची कथा पाहा. मूळ ग्रंथात त्या ब्राह्मणाचे नाव नाही. सुदामा म्हणून त्यास ओळखले ते पुढील परंपरेने. पोह्यांची पुरचुंडी सर्वांच्या ध्यानात असते. पण द्वारकेच्या महालात त्या जुन्या मित्राजवळ बसून भगवंतांनी विस्ताराने आठवण काढली ती कशाची? एका वादळी रात्रीची. गुरुपत्नीच्या सांगण्यावरून दोघे सरपणासाठी रानात गेले असता अवेळी पाऊस कोसळला. जिकडेतिकडे पाणी झाले, उंचसखल कळेना, दिशा समजेनात. तेव्हा एकमेकांचे हात धरून त्यांनी ती रात्र काढली. सूर्य उगवताच सांदीपनी त्यांना शोधीत आले. ते रागावले नाहीत. त्यांनी शिष्यांना आशीर्वाद दिला.

महाविद्यालयाचे पहिले वर्ष हे असेच रान आहे. शहर अनोळखी, शिकवण्याची भाषा पुष्कळदा परकी, खाणावळीचे जेवण घशाखाली उतरत नाही, पहिल्याच चाचणीत गुण घसरतात आणि रात्री घराच्या आठवणीने उशी भिजते. अशा वेळी जो हात पुढे येतो, तो भगवंतानेच धाडला असे आम्ही समजतो. माता-पित्यांनी सांदीपनींचा कित्ता गिरवावा. मुलांचा शोध जरूर घ्यावा. मात्र तो काळजीने घ्यावा, संशयाने नव्हे.

नवविधा भक्तीचा क्रमही या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. श्रवणापासून आरंभ होऊन सातवे स्थान दास्याचे, आठवे सख्याचे आणि नववे आत्मनिवेदनाचे. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात या नऊही भक्ती एकेका समासात उलगडल्या आहेत. ज्यास मनुष्याशी निष्कपट मैत्री करता आली नाही, त्यास देवाशी सख्य कसे साधावे?

‘पण मित्र शंका काढतात, उपवासाची चेष्टा करतात, त्याचे काय?’ असे कोणी विचारील. शंकेचे भय कशाला? गीता अवतरली तीच मुळी एका सख्याच्या शंकांतून. तू माझा भक्त आहेस आणि सखाही आहेस, म्हणून हा पुरातन योग तुला सांगतो, असे भगवंत चौथ्या अध्यायात म्हणतात. तेव्हा नवविद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच : गळ्यातील तुळशीमाळ सदऱ्याआड लपवू नका आणि तिचे प्रदर्शनही मांडू नका. एकादशीस आपले ताट शांतपणे वेगळे घ्या. विचारले तर कारण सांगा, न कळले तर ‘मला ठाऊक नाही, घरी विचारतो’ असे म्हणा. खरा मित्र त्या उपवासाचा मान राखील, मग त्याच्या घरी देव्हारा असो वा नसो.

सर्वच संगत सत्संग नव्हे, हेही आम्ही जाणतो. व्यसनाकडे ओढणारा, घरी खोटे बोलावयास लावणारा तो मित्र नव्हे. परंतु ही पारख वर्तनावरून करावयाची, आडनावावरून नव्हे. मुलाने मित्राचे नाव सांगताच ‘त्यांच्यातला का?’ असे विचारणाऱ्या घरांनी एकदा महाद्वारी येऊन उभे राहावे. तेथे नामदेव पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. जिवंतपणी ज्यास राउळात प्रवेश नव्हता, त्याचा सांगाती होण्यास नामदेवांची भक्ती आड आली नाही. चोखोबांच्या बांधवांना ते दार उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहा शतके दाराने जे नाकारले, ते मैत्रीने केव्हाच दिले होते!

दिंडीत आजही वयाने थोर वारकरी लहानाच्या पाया पडतो आणि त्यास ‘माउली’ म्हणतो. हाच भाव घरात आणावा. या एकादशीस मुले सुटीवर आली असतील, तर द्वादशीच्या पारण्यास त्यांच्या नव्या मित्रांनाही बोलवावे. नाव, गाव, कूळ न विचारता शेजारी पाट मांडावा आणि आग्रहाने वाढावे. आपल्या घरचा देव त्यांस कळेल, आणि आपल्या मुलासही तो नव्याने कळेल.