रॉक कॉन्सर्टचं फुकट तिकीट आणि गरिबीविरोधातली एक सही. पुढे त्या सहीचं काय होतं?

सेलूहून मुंबई गाठायची तर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते. पण 2016 मध्ये मुंबईतल्या सर्वात गाजलेल्या कॉन्सर्टच्या तिकिटासाठी नंबर लावायला प्रवासाची गरज नव्हती. हातात मोबाइल हवा होता आणि गरिबी हटवण्याच्या मागणीवर सही करायची तयारी. गाण्याच्या ओढीनं आलेल्या गर्दीतून सामाजिक मोहिमेचे पाठीराखे गोळा करण्याची ही पद्धत नेमकी काय आहे आणि ती कधी उपयोगी पडते, ते समजून घेऊया.

2016 मध्ये मुंबईत काय झालं?

19 नोव्हेंबर 2016 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर 'ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हल' झाला. कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड मुख्य आकर्षण होता. सुमारे 80 हजार लोक जमले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी व्हिडिओद्वारे संवाद साधला. शिक्षण, स्वच्छता आणि स्त्री-पुरुष समानता हे मोहिमेचे विषय होते. राज्य सरकारनं कार्यक्रमाला करमणूक कर माफ केला आणि त्यावरून टीकाही झाली.

तिकीट 'कमवायचं' म्हणजे काय?

काही तिकिटं विक्रीला होती, पण बहुतेक पैशांनी मिळत नव्हती. ऑनलाइन याचिकेवर सही करा, नेत्यांना उद्देशून ट्विट करा, विषयाची माहिती वाचा. प्रत्येक कृतीला गुण. पुरेसे गुण झाले की सोडतीत नाव. या संस्थेनं 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या पहिल्या फेस्टिव्हललाही हीच पद्धत वापरली होती.

हिशेब सरळ आहे. गरिबीवरच्या व्याख्यानाला पन्नास माणसं येतात, कोल्डप्लेला हजारो. त्या हजारोंचे फोन नंबर आणि ईमेल हाती आले की पुढच्या मागणीसाठी त्यांना पुन्हा हाक मारता येते. संस्थेच्या दृष्टीनं खरी कमाई या यादीची.

अशा गर्दीनं कधी काही बदललं का?

याचं उत्तर 2005 मध्ये सापडतं. 2 जुलै 2005 रोजी जगभरातल्या अनेक शहरांत 'लाइव्ह 8' कार्यक्रम झाले. आयोजकांनी लोकांकडे देणगी मागितली नाही, नाव मागितलं. लंडनच्या तिकिटांच्या सोडतीसाठी 20 लाखांहून जास्त एसएमएस आले. काही दिवसांतच स्कॉटलंडमध्ये आठ बड्या देशांची परिषद भरली. 18 गरीब देशांचं सुमारे 40 अब्ज डॉलरचं कर्ज माफ करण्याचा निर्णय त्यांच्या अर्थमंत्र्यांनी जूनमध्येच घेतला होता. परिषदेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. 2010 पर्यंत वार्षिक मदत 50 अब्ज डॉलरनं वाढवण्याचं आश्वासनही दिलं गेलं. ते पूर्ण झालं नाही. पण आश्वासनात आकडा आणि साल होतं, म्हणूनच ते किती पाळलं हे मोजता आलं. 'गरिबी संपवू' एवढंच म्हटलं असतं, तर जाब कशाचा विचारणार?

मग कमी कुठे पडतं?

महाराष्ट्राला गाण्यातून माणसं जोडणं नवं नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांचे श्रोते गिरणगावातले कामगार. पोवाडा संपला तरी ही माणसं दुसऱ्या दिवशी त्याच गिरणीत, त्याच चाळीत, त्याच युनियनमध्ये भेटायची. कॉन्सर्टची गर्दी मात्र मैदानाबाहेर पडली की पांगते. एकमेकांशी जोडणारं काहीच नसल्यानं उरतो तो फक्त मोबाइल नंबर.

सेलूकरांसाठी यात काय?

कॉलेजचं गॅदरिंग, गणेशोत्सव, नवरात्रातला दांडिया; गर्दी इथेही जमते. मंडपाच्या दारात क्यूआर कोड लावून किंवा मिस्ड कॉल मागून पाठीराखे जमवणं कुणालाही सहज शक्य आहे. त्यात गैर काही नाही, फक्त नंबर देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. मागणी नेमकी कोणाकडे आहे? ती पूर्ण झाली की नाही, हे कधी आणि कोण सांगणार? आणि आपला नंबर पुढे कशासाठी वापरला जाणार? 2023 च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व असं, की संमती ठरावीक कारणापुरतीच घ्यावी आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असावं.

आयोजकांसाठी पथ्य एकच: मागणी जवळची आणि मोजता येणारी ठेवा. उदाहरणार्थ, गावच्या शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह. मुंबईतल्या मंचावरचे तिन्ही विषय त्या चार भिंतींत मावतात. त्यासाठी पैशांची वाटही आहे. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो. मागच्या खर्चाचा तपशील 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मागता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस.

गाण्याच्या कार्यक्रमात हजार नंबर जमले आणि त्यातले तीस जण पुढच्या ग्रामसभेला हजर राहिले, तर ती भरती यशस्वी म्हणावी. हजारच्या हजार नंबर यादीतच पडून राहिले, तर तो कार्यक्रम छान झाला, एवढंच म्हणता येईल.