परदेशी मांडव आणि घरची यादी

हल्ली आमच्या काचीगुड्यात किंवा सुलतान बाजारात लग्नाची बोलणी निघाली की 'कार्यालय कोणते?' ह्या जुन्या प्रश्नाशेजारी 'देश कोणता?' हा नवा प्रश्न येऊन बसतो. पूर्वी तो कोट्यधीशांच्याच घरी पडत असे. आता पेन्शनर, शिक्षक, बँकेतले नोकरदार ह्यांच्या बैठकीतही त्याची चर्चा होते. 26 नोव्हेंबर 2023 रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये परदेशी जाऊन लग्ने लावण्याच्या ह्या रिवाजाबद्दल नापसंती दर्शविली आणि देशाचा पैसा देशातच राहावा असे सांगितले. तो विचार देशाच्या तिजोरीचा झाला. मला लिहावयाचे आहे ते घरच्या तिजोरीविषयी. कारण गेल्या वर्षी असा एक हिशेब मांडण्याची पाळी माझ्यावरच आली.

हैदराबादला ही गोष्ट अगदीच नवी नाही. 12 नोव्हेंबर 1931 रोजी निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या दोन्ही शाहजाद्यांचे निकाह फ्रान्समधील नीस शहरी झाले. थोरले आझम जाह ह्यांच्या वधू दुर्रुशेवर ह्या अखेरच्या उस्मानी खलिफांच्या कन्या, आणि धाकटे मुअज्जम जाह ह्यांच्या वधू निलोफर त्याच घराण्यातील. ज्यांच्या नावाचे दवाखाने आपण रोज पाहतो त्याच ह्या दोघी. खलिफा पदच्युत होऊन नीसला राहत होते, म्हणून लग्न तेथे. स्वतः निजाम काही तिकडे गेले नाहीत. निकाहानंतर जोडपी ब्रिटिश वकिलातीत कागद पुरे करावयास गेली, मग बोटीने मुंबईस आली, आणि 1932 च्या जानेवारीत चौमहल्ल्यात दावत झाली. म्हणजे परदेशातले लग्न, वकिलातीतला कागद आणि घरी परतल्यावर पुन्हा जेवणावळ, ह्या तिन्ही बाबी तेव्हाच ठरून गेल्या होत्या. आजचा मध्यमवर्गीय बाप ह्यांतली पहिली तेवढी लक्षात ठेवतो आणि उरलेल्या दोन विसरतो, एवढाच काय तो फरक.

माझे वडील निजामशाहीच्या अखेरच्या वर्षांत, पोरवयातच, दरबारच्या गाणेबजावण्याच्या नोकरीत लागले. 1948 नंतर ती नोकरी गेली आणि पुढे शिकवण्यांवर घर चालले. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. ते सांगत, मोठ्या देवडीत लग्न निघाले की मुनशी नवी वही उघडी. तिच्या पहिल्या पानांवर नुसती नावे असत: कोणाला बोलावणे, कोणाला जोडा, कोणाला इनाम. त्यांत सनईवाल्याचे आणि तबलजीचेही नाव असे. रुपयांचे आकडे पुढच्या पानांवर येत. मी ही गोष्ट विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगत आलो. तिचा उपयोग मला गेल्या वर्षी कळला, आणि तोही उशिरा.

झाले असे की माझ्या पुतणीचे लग्न ठरले. मुलाची बहीण मेलबर्नला, आमचा पुतण्या सिंगापूरला. तेव्हा थायलंडमध्ये, समुद्रकाठी हुआ हिनला, चाळीस माणसांत लग्न लावावे असे मुलांनी सुचविले. पुतणी म्हणाली, "काका, पाचशे माणसांच्या लग्नात आम्ही ओळखतो ती पन्नासच. बाकीच्यांना नमस्कार करण्यात दिवस जातो." हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. दादांना वाटले, माणसे चाळीसच, तर खर्चही थोडका. फीची वही मी नेमाने ठेवतो, म्हणून हिशेब माझ्याकडे आला.

तो थोडक्यात असा. विमानाचे जाऊन-येऊन भाडे माणशी 22,000 रुपये, चाळिसांचे 8 लाख 80 हजार. दोघांत एक अशा वीस खोल्या, तीन रात्री, दर रात्री 11,000 प्रमाणे 6 लाख 60 हजार. जेवणखाण माणशी रोज 6,000, तीन दिवसांचे 7 लाख 20 हजार. मांडव, फुले व ध्वनियंत्रणा 5 लाख. छायाचित्रे अडीच लाख. तेथल्या बसगाड्या 1 लाख 20 हजार. विमा, कागदपत्रे आणि होमाचा अग्नी पेटविण्याची हॉटेलची परवानगी मिळून 70 हजार. एकूण 32 लाख रुपये.

ही बेरीज पाहून दादा गप्प झाले. पण मला बेरजेपेक्षा तिची फोड महत्त्वाची वाटते. पहिल्या तीन रकमा माणसांवर चढतात, बाकीच्या ठोक आहेत. ठोक खर्च 9 लाख 40 हजार. माणसे दहा न्या की साठ, त्यात फारसा फरक नाही. माणसांवरचा खर्च 22 लाख 60 हजार, म्हणजे दर माणशी 56,500. येथल्या फंक्शन हॉलमध्ये एक पाहुणा वाढला तर एक पान वाढते. आठशे-नऊशे रुपयांचा प्रश्न. तेथे एक पाहुणा वाढला की साडेछपन्न हजार. साहजिकच यादीतल्या प्रत्येक नावापुढे, आपण लिहिला नाही तरी, हा आकडा दिसू लागतो.

काही घरांत ह्यावर तोड म्हणून पाहुण्यांना आपले भाडे आपण भरावयास सांगतात. त्याने यजमानाचा आकडा उतरतो, पण खर्च नाहीसा होत नाही. तो मामाच्या आणि मावशीच्या घरी जातो. ज्याला बावीस हजार जड आहेत तो तसे बोलून दाखवीत नाही. 'रजा मिळत नाही' असे कळवितो, आणि आपणही ते खरे मानतो.

आता आणखी तीन गोष्टी, ज्या पहिल्या हिशेबात नसतात. पहिली हुंडणावळीची. 2024 च्या आरंभी डॉलर 83 रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर 2025 मध्ये तो नव्वदीपार गेला, म्हणजे शेकडा आठांहून अधिक वाढ. आमच्या 32 लाखांपैकी सुमारे 20 लाख हॉटेलला जावयाचे होते आणि भाव डॉलरमध्ये होता. दोन वर्षे आधी बेत ठरवून पैसे अखेरीस भरणाऱ्याला एवढ्या रकमेवर दीड लाखाचा फटका सहज बसला असता.

दुसरी गोष्ट कराची. परदेशी पैसे पाठविताना ठरावीक मर्यादेवरच्या रकमेवर बँक शेकडा वीस कर आधीच कापून घेते, हा नियम 1 ऑक्टोबर 2023 पासून आला. तेव्हा मर्यादा वर्षाला माणशी 7 लाख होती, ती 1 एप्रिल 2025 पासून 10 लाख झाली. वीस लाख दादांच्या एकट्याच्या खात्यातून गेले असते तर वरच्या दहा लाखांवर दोन लाख अडकले असते. प्राप्तिकराचे विवरण भरताना ते वळते होतात, पण लग्नाच्या महिन्यात ते हातात नसतात. वहिनी निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांची स्वतःची शिल्लक होती. दोघांनी आपापल्या खात्यातून दहा-दहा लाख पाठविले. प्रवास कंपनीच्या एकत्रित सहलीला नियम निराळे असतात आणि हे दर अंदाजपत्रकात बदलतात, तेव्हा आधी बँकेत विचारावे हे बरे.

तिसरी गोष्ट कायद्याची. भारतात कायम वास्तव्य असलेल्या हिंदूंना 1955 चा विवाह कायदा परदेशातही लागू असतो, त्यामुळे समुद्रकाठची सप्तपदी ही सप्तपदीच होय. पण दाखल्याचे काय? 1969 च्या परदेश विवाह कायद्याने आपल्या वकिलातीपुढे लग्न लावता येते. मात्र वधूवरांपैकी एकाचा त्या ठिकाणी निदान तीस दिवस मुक्काम हवा. तीन रात्रींच्या पाहुण्यांना ते कसे जमावे? आम्ही 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन, येथेच नोंदणी आधी उरकली.

एवढे सगळे मी मोठ्या तत्परतेने केले, आणि चूकही मीच केली. यादी लिहिताना माझ्या आत्याचे नाव मी घातले नाही. ती एक्याऐंशी वर्षांची, शाहअलीबंड्याच्या जुन्या घरात राहते. गुडघे गेलेले, पासपोर्ट कधी काढलाच नाही. 'तिला जमणार नाहीच' असे मनाशी म्हणून मी पुढच्या ओळीला लागलो. आमच्या घरातल्या सगळ्या मुलींना हळदीची गाणी तिने शिकविली आहेत. बातमी तिला दुसरीकडून कळली. मी भेटावयास गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मी येणार नव्हतेच रे. पण विचारायचं तरी!"

घरी येऊन मी वही पुन्हा उघडली आणि ह्या वेळी वडिलांच्या मुनशीप्रमाणे नावांपासून आरंभ केला. चाळिसांत आठ नावे अशी निघाली की ती केवळ दादांच्या कचेरीतल्या भिडेखातर होती. ती दादांनी स्वतः जाऊन, समजूत घालून कमी केली. आठांचे 4 लाख 52 हजार वाचले. त्यांतून तीन लाखांत लग्नाच्या आठ दिवस आधी काचीगुड्याच्या घरी देवक, हळद आणि दीडशे पानांची पंगत केली. उरलेले दीड लाख हुंडणावळीच्या चढउतारासाठी बाजूला ठेवले. परतल्यावरची दावत रद्द केली. एकूण आकडा बत्तीस लाखच राहिला.

त्या दिवशी दारात खरी सनई वाजली. हुआ हिनला मुद्रित सनईवर भागवावे लागले; मंगलाष्टके मी म्हटली, पण सनईवाल्याचा आणि माझा सूर जुळण्याची जी गंमत असते ती यंत्राशी कशी यावी? हळदीला आत्या पाटाजवळ खुर्ची घेऊन बसली आणि तिने सगळी गाणी म्हणवून घेतली. निघताना विचारले, "मुहूर्त कोणत्या घड्याळाचा?" तेथले घड्याळ आपल्या दीड तास पुढे. मुहूर्त तिकडच्या 11 वाजून 40 मिनिटांचा, म्हणजे येथे 10 वाजून 10 मिनिटे. ते मी मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या भिंतीवर लावले. त्या दिवशी ती दहाच्या आधीच अक्षता घेऊन मोबाइलसमोर बसली होती, असे शेजारच्या मुलीने नंतर सांगितले.

परदेशी लग्न करू नये असे माझे म्हणणे नाही. माझी पुतणी त्या चार दिवसांत जेवढी मोकळी हसली तेवढी पाचशे माणसांत हसली नसती. ज्यांच्या घरी असा बेत चालला असेल त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, हॉटेलचा भाव विचारण्याआधी नावांची यादी करावी, माणशी खर्च आणि ठोक खर्च निराळे मांडावेत, आणि ज्याला नेता येणार नाही त्याच्या घरी जाऊन तसे स्वतः सांगावे. शाहअलीबंड्याला जाण्यास मला रिक्षाचे दीडशे रुपये पडले. ते मी हिशेबात धरलेले नव्हते.