तापलेला ओव्हन आणि वाकणारी भांडी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पाहुण्यांसाठी बटाट्याच्या फोडी तेल लावून ओव्हनमध्ये भाजावयाच्या होत्या. फोडी शीतकपाटातून नुकत्याच काढलेल्या, संख्येने थोड्या. म्हणून ट्रेच्या एकाच बाजूला त्या रचल्या आणि ट्रे कडक तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवला. दोन-तीन मिनिटांत आतून ‘ठण्ण’ असा आवाज झाला. दार उघडून पाहते, तो ट्रेचा एक कोपरा वर उचललेला आणि सारे तेल समोरच्या कोपऱ्यात साचलेले! घाईने ट्रे ओढला, तेव्हा त्याने पुन्हा उसळी घेतली आणि उकळते तेल माझ्या मनगटावर उडाले. नात शेजारीच उभी होती. तिला इजा झाली नाही, हे आमचे भाग्य. परंतु भाग्यावर विसंबून स्वयंपाकघर चालवता येत नाही. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

तापल्याने धातू प्रसरण पावतो, हे आपण जाणतोच. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवितात, ती याच कारणाने. ४० सेंटिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा ट्रे ३० अंश सेल्सियसवरून २३० अंशांपर्यंत तापला, तर सुमारे २ मिलिमीटर वाढतो; पोलादी ट्रे त्याच्या निम्म्याने. सारा ट्रे एकसारखा तापला तर तो केवळ किंचित मोठा होईल, वाकणार नाही. खरा दोष उष्णतेचा नसून असमान उष्णतेचा आहे.

एक पोस्टकार्ड घेऊन त्याच्या दोन कडा बोटांनी एकमेकींकडे दाबून पाहा. कार्ड मध्ये फुगते. ट्रेचेही असेच होते. पदार्थात पाणी असते, आणि ते आटेपर्यंत त्याखालचा पत्रा १०० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. मोकळा भाग मात्र झपाट्याने तापतो. तापलेला भाग वाढू पाहतो, थंड भाग त्याला जागा देत नाही; मग पत्र्याला वर किंवा खाली उसळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ही उसळी अल्प प्रसरणानेही मोठी होते. दोन्ही टोके जखडलेली ४० सेंटिमीटरची पट्टी अवघी अर्धा मिलिमीटर वाढली, तरी मध्यभागी ८ मिलिमीटरहून अधिक उचलली जाते. पुष्कळदा ट्रे निवल्यावर पूर्ववत होतो. परंतु ताण धातूच्या सहनशक्तीपलीकडे गेला की बाक कायमचा राहतो. मग केकचे मिश्रण एका अंगाला वाहते. एक बाजू जाड व कच्ची, तर दुसरी पातळ व करपलेली निघते.

उपाय सोपे आहेत. पहिला, खरेदीच्या वेळचा. पातळ, हाताने सहज पिळला जाणारा ट्रे स्वस्त पडतो, पण टिकत नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे १ मिलिमीटर जाड असावा आणि काठ आत तार घालून वळविलेला असावा. असा काठ पत्र्याला कण्यासारखा आधार देतो. ॲल्युमिनियम उष्णता लवकर सर्वत्र पसरविते, हाही त्याचा गुण. ट्रे ओव्हनमध्ये ठासून बसू नये; चारही बाजूंना दोन बोटे मोकळी जागा असावी.

दुसरा, भरण्याच्या वेळचा. पदार्थ थोडा असल्यास लहान भांडे घ्यावे, अथवा तो संपूर्ण ट्रेवर सारख्या अंतराने पसरावा. नानकटाईचे गोळे एका कोपऱ्यात दाटीने मांडू नयेत. शीतकपाटातील भांडे तसेच तापल्या ओव्हनमध्ये ठेवू नये. रिकामा ट्रे तापवून त्यावर गार पदार्थ वा पाणी ओतणे तर सर्वथा टाळावे.

तिसरा, भाजतानाचा. लहान घरगुती ओव्हनमध्ये विजेच्या तापलेल्या कांड्या ट्रेपासून अगदी जवळ असतात. म्हणून ट्रे मधल्या खाचेत ठेवावा, तळावर कधीही ठेवू नये. १८० अंशांवरच्या केकला पातळ भांडे बहुधा निभावते. २२० अंशांपुढील भाजणीस जाड भांडेच घ्यावे. न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे रिकामे तापवू नये. सुमारे २६० अंशांपुढे तो लेप विघटित होऊ लागतो.

चौथा, बाहेर काढल्यानंतरचा. गरम ट्रे ओल्या ओट्यावर वा नळाखाली धरू नये. जाळीवर ठेवून हाताला सोसेल इतका निवू द्यावा, मगच धुवावा.

बाक आलेला ट्रे ओळखण्यासाठी तो सपाट ओट्यावर ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबावे. डुलला, तर बाक आहे. लेप नसलेला ट्रे फळीवर पालथा ठेवून, वर जाड फडके घालून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकल्यास बराचसा सरळ होतो. तथापि तो पुन्हा वाकण्याचा संभव असतो. अशा ट्रेमध्ये तेलकट वा पातळ पदार्थ करू नयेत. शेंगदाणे भाजण्यास तो चालेल.

आणि आवाज झालाच, तर माझ्यासारखी घाई करू नये. प्रथम ओव्हन बंद करावा. धूर दिसल्यास दार मिटलेलेच ठेवावे. मुलांना दूर करावे, आणि थोड्या वेळाने जाड हातमोजे घालून ट्रे दोन्ही हातांनी, सपाट धरून बाहेर काढावा. ट्रे दुसरा आणता येतो. मनगटावरचा डाग मात्र मला रोज त्या दोन क्षणांच्या घाईची आठवण देतो.